तुमच्या नावाची हमी कोण देतंय?

सारोळ्याचा नीरेवरचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलं की शिरवळपासून खंडाळ्यापर्यंत हायवेच्या कडेनं मोठ्या कंपन्यांच्या पाट्या दिसू लागतात. त्यांच्या आडोशाला लहान लहान शेड आहेत. कुठं फॅब्रिकेशन, कुठं सीएनसीचं जॉबवर्क, कुठं पावडर कोटिंग, कुठं पॅकिंगचे लाकडी खोके. यातल्या काही शेडमालकांच्या वेबसाइट मी सांभाळतो. त्यांना, आणि लोणंद-वाईपासून सांगली-मिरजेपर्यंतच्या सगळ्या लहान उद्योजकांना माझी कळकळीची विनंती आहे. "महिन्याला पाचशे बॅकलिंक देतो" असा फोन आला, तर पैसे देऊ नका. आज तुमच्या वेबसाइटकडे कोणत्या लिंक येतात, ते आधी स्वतः बघा.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटकडे येणारी वाट. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ज्या शोधयंत्रावर काम केलं, त्याचं पहिलं नावच 'बॅकरब' होतं, कारण ते अशा मागून येणाऱ्या लिंक तपासायचं. १९९८ मध्ये त्याची गूगल कंपनी झाली. यामागचा विचार आपल्याला नवा नाही. बाजारपेठेत नव्या माणसाला उधारी मिळायची ती तो कुणाच्या ओळखीनं आलाय हे बघून. ओळख देणाऱ्याची पत असली की त्याचा एक शब्द पुरायचा. पत नसलेल्या शंभर जणांनी सांगितलं, तरी आडत्या वही उघडायचा नाही.

हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या वेबसाइटसाठी मी स्वतः तीनशे लिंक विकत घेतल्या. दोन महिने वेबसाइट वर सरकली, मालक खूश झाले. मग एक दिवस गूगलकडून अनैसर्गिक लिंकबद्दल कारवाईची सूचना आली आणि त्यांच्या कारखान्याचं नाव शोधलं तरी पहिल्या पानावर दिसेना. एकेका वेबसाइटवाल्याला लिहून लिंक काढायला लावणं, जे उत्तर देईनात त्यांची यादी गूगलला कळवणं, मग फेरविचाराचा अर्ज, यात कित्येक महिने गेले. त्या काळात चौकशीचे फोन जवळजवळ थांबले होते. चूक माझी होती आणि नुकसान त्या माणसाचं झालं. विकतच्या लिंकांविरुद्ध गूगलनं 'पेंग्विन' नावाची सुधारणा एप्रिल २०१२ मध्येच आणली होती, पण मी ती गांभीर्यानं घेतली नव्हती.

तपासणीला पैसे लागत नाहीत. गूगलचं 'सर्च कन्सोल' फुकट आहे. वेबसाइट तुमची आहे हे एकदा सिद्ध करावं लागतं. इथंच पुष्कळ जण अडतात, कारण डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर असतं. असं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि डोमेन आधी स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर करून घ्या. शेडचा सातबारा आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवतो का?

सर्च कन्सोलमध्ये डावीकडच्या पट्टीत खाली 'लिंक्स' दिसेल. तिथं तीन गोष्टी बघा. कोणत्या वेबसाइटवरून लिंक येतात, तुमच्या कोणत्या पानावर येतात, आणि कोणत्या शब्दांवर येतात. हे शब्द फार बोलके असतात. परवा एका फॅब्रिकेशनवाल्यांच्या ऑफिसात आम्ही ही यादी उघडली. त्यांच्या नावाखालोखाल कॅसिनोचे आणि कर्ज देणाऱ्या ॲपचे शब्द होते. मालक घाबरले. मी त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. असला कचरा सगळ्यांच्याच वाट्याला येतो आणि बहुतेक वेळा गूगल तो मोजतच नाही. लिंक तुम्ही विकत घेतल्या असतील, किंवा सर्च कन्सोलच्या 'मॅन्युअल ॲक्शन्स'मध्ये कारवाई दिसत असेल, तरच लिंक नाकारण्याचं साधन वापरा. उगाच वापरलं तर चांगल्या लिंकही हातच्या जातात.

बाकीच्या लिंक एकेक उघडून वाचा. त्या पानावरून खरंच एखादं गिऱ्हाईक आपल्याकडे येईल का, एवढंच स्वतःला विचारा. 'डोमेन अथॉरिटी'चा आकडा दाखवून कुणी भाव सांगितला, तर तो आकडा गूगलचा नाही हे लक्षात ठेवा. तो खासगी कंपन्यांचा अंदाज असतो.

त्याच दिवशी त्या यादीत खरं घबाडही सापडलं. त्यांच्या एका जुन्या डीलरच्या वेबसाइटवर त्यांची लिंक होती, पण ती उघडत नव्हती. वेबसाइट नवी करताना पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळण द्यायचं राहून गेलं. ते वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावायला मला दहा मिनिटं लागली. नव्या लिंकच्या मागे धावण्याआधी अशा तुटलेल्या लिंक जोडा.

नव्या लिंक कुठून आणायच्या? जे तुम्हाला खरोखर ओळखतात त्यांच्याकडून. ज्यांचा कच्चा माल घेता, ज्यांना माल देता, ज्या व्यापारी संघटनेचे सभासद आहात, मोशीच्या 'किसान'सारख्या ज्या प्रदर्शनात स्टॉल लावला, त्यांच्या वेबसाइटवर तुमचं नाव आहे का बघा. नाव असून लिंक नसेल तर मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. 'तू माझी लाव, मी तुझी लावतो' असा सौदा मात्र सरसकट करू नका.

आणि दुसऱ्यांना उपयोगी पडेल असं काही लिहा. सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडीचं उदाहरण आठवा. तिथं १९२० मध्ये कारखान्याचं पत्रक म्हणून 'किर्लोस्कर खबर' सुरू झालं आणि पुढे त्याचं महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. आपल्याला मासिक काढायचं नाही, एक पान पुरे. गोल सळीचं वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे तुमच्या वेल्डरला तोंडपाठ आहे. १२ एमएमची सळी मीटरला ०.८९ किलो भरते. चौरस मीटरभर, एक एमएम जाडीचा लोखंडी पत्रा ७.८५ किलो. हा तक्ता सोप्या मराठीत उदाहरणांसह टाका. आयटीआयची मुलं, गोठा बांधणारा शेतकरी, बांधकामाचे ठेकेदार ते पान एकमेकांना पाठवतील, आणि त्यातलाच कुणीतरी आपल्या वेबसाइटवर त्याची लिंक देईल. वेळ लागेल, सहा महिने, कदाचित वर्षही. पण ही लिंक कुणी काढून घेत नाही.

सुरुवात एका मेसेजनं करा. मजकूर असा चालेल: "साहेब, नमस्कार. तुमच्या वेबसाइटवर पुरवठादारांच्या यादीत आमचं नाव आहे, त्याबद्दल आभारी आहे. नावाला आमच्या वेबसाइटची लिंक जोडता आली तर बरं होईल. सोबत पत्ता देतो. फोन नंबरही जुना आहे, नवा पाठवतो."