आजीचं गोंदण आणि आपली लाज

मागच्या वर्षी माझी आजी सोलापूरहून बंगळुरूला आली. उद्यान एक्सप्रेसनं, सोबत भाकरीचं गाठोडं आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. वय पंच्याऐंशीच्या आसपास. जन्मतारीख कागदावर आहे तेवढीच. तिसऱ्या दिवशी ती उन्हाला बसायला खाली गेली. परत येताना रखवालदारानं तिला लिफ्टपाशी अडवलं आणि बोट दाखवून म्हणाला, "मेड लोग का लिफ्ट उधर है." आजी भांडली नाही. कचऱ्याच्या डब्यांसोबत वर आली आणि रात्री जेवताना हसत सांगितलं, "तुमच्यात दोन लिफ्टी हायत गं. एक मानसांची, एक कचऱ्याची. मला कचऱ्याची घावली."

लुगडं स्वच्छ होतं. पायात चप्पल होती. मग त्यानं काय वाचलं? कपाळावरचा हिरवा ठिपका, हनुवटीवरचा दुसरा, आणि दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत पसरलेलं गोंदण. आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या वयस्क बायका बहुतेक रायचूर, यादगीर, कलबुर्गीकडच्या. त्यांच्याही कपाळावर अशीच हच्चे असते. कन्नडमध्ये गोंदणाला हच्चे म्हणतात. रखवालदाराला जात विचारायची गरजच पडली नाही. त्याला मी दोष देत नाही. ओडिशातून पोट भरायला आलेला पोरगा आहे, त्याला शिकवलं तेवढंच त्यानं केलं. पाटी त्यानं लावलेली नाही.

याच शहरात इंदिरानगर, कोरमंगला भागात चकचकीत टॅटू स्टुडिओ आहेत. तिथे ठिपके, विंचू, नागमोडी रेघा 'ट्रायबल' म्हणून हजारो रुपयांना मिळतात. त्या रेघा मिरवणाऱ्या हाताला कुणी दुसरी लिफ्ट दाखवत नाही. म्हणजे अडचण गोंदणाची नाही, ते कुणाच्या कातडीवर आहे याची आहे. हे वाक्य लिहायला सोपं आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांना ते पटेलही. पण आजीच्या गोंदणाचा हिशेब एवढ्यावर मिटत नाही. त्यात आपलाही वाटा आहे.

आधी म्हातारपणाबद्दल. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या आईनं मुलीच्या खांद्यावरचा टॅटू बघून विचारलं होतं, "म्हातारी झाल्यावर कसं दिसेल ते?" सुस्थितीतल्या घरांमध्ये टॅटूवर हा हमखास आक्षेप असतो. कातडी सैल पडेल, वाघाचं मांजर होईल. आजीला हे सांगितलं तर तिला प्रश्नच कळेना. तिच्या हातावरच्या रेघा फुगल्यात, विंचवाची नांगी कुठे संपते ते दिसत नाही, काळ्याचा निळसर हिरवा झालाय. शाई कातडीच्या आतल्या थरात पेशींनी धरून ठेवलेली असते. एक पेशी मेली की दुसरी ती उचलते, आणि असं करताना रेघ थोडी थोडी पसरते. आजीच्या भाषेत, "ते बी म्हातारं झालं माझ्याबरूबर." 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली, सुकडीवर पोरं जगवली, आणि लग्नातल्या चांदीच्या पाटल्या मोडल्या. अंगावर राहिलं ते गोंदण. सावकार गोंदण गहाण घेत नाही. मेल्यावर सोबत फक्त गोंदण येतं, असं जुन्या बायका म्हणायच्या. देवावर विश्वास न ठेवणारी माझी आजीही हे म्हणते. मी त्याला अंधश्रद्धा म्हणायचे. आता तितक्या लवकर म्हणत नाही.

देवाचं निघालं म्हणून. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितलं की ज्या वेशावरून, दागिन्यांवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता ते टाका. लुगडं पायघोळ नेसा, कथलाचे नि चांदीचे ढीगभर दागिने सोडा. ओळखीची खूण हे जातीचं हत्यार असतं, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. बायकांनी लुगडं लगेच बदललं, दागिने काढले. पण गोंदण काढून ठेवता येत नाही. जिनं बाकी सगळं टाकलं तिच्याही कपाळावर ते राहिलं.

आणि मग 1956. नागपूरच्या दीक्षेनंतर काही वर्षांनी आमच्या गावानं धम्म स्वीकारला. राम-कृष्णाला देव मानणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांमधली दुसरी प्रतिज्ञा आजीनं मोठ्यानं म्हटली, तेव्हा तिच्या डाव्या हातावर कृष्णाचा पाळणा होता आणि उजव्यावर तुळस. मी एकदा विचारलं, मग त्याचं काय केलंस? "देव्हारा नदीत सोडला. हात कसा सोडू?" थोड्या वेळानं म्हणाली, "पाळना कुनाचा बी आसतो. माझी चार पोरं झोपली त्यात." शरीर जुनं आणि विचार नवा, अशी आपल्या घराघरांत एक पिढी जगली आहे. तिच्याकडे पुस्तकं नव्हती, पण अर्थ बदलायची ताकद होती.

तरीही गोंदणाला निव्वळ 'आपली कला' म्हणून डोक्यावर घ्यायला मी तयार नाही. आजीला गोंदलं तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. चौघींनी तिला धरलं होतं. दिव्याच्या काजळीत बुडवलेल्या, दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया, वर हळद, आणि तीन दिवस ताप. तिला कुणी विचारलं नव्हतं. गोंदणाशिवाय बाई सासरी गेली तर तिच्या हातचं पाणी पीत नाहीत, असं सांगून मुली धरल्या जायच्या. पुरुषांच्या अंगावर एवढं गोंदण का नाही, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारला पाहिजे.

गोंदणाऱ्या हातांबद्दल तर आपण बोलतच नाही. आमच्याकडे हे काम कैकाडी बायका करायच्या, इकडे कर्नाटकात कोरवंजी. एडगर थर्स्टनच्या 1909 सालच्या सात खंडांमध्ये कोरव बायकांच्या गोंदणकामाची नोंद आहे. हा गृहस्थ माणसांची नाकं मोजून जाती लावायचा, ते वेगळं. या कैकाडी-कोरवांना इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलं. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 नंतर देशभर लागू झाला. हजेरी, पास, तारेचं कुंपण. सोलापुरात 'सेटलमेंट' हे नाव आजही वस्तीला आहे. कायदा रद्द झाला 1952 साली, 31 ऑगस्टला. म्हणजे आजीच्या आईला जिनं गोंदलं, ती बाई गावोगाव फिरत होती तेव्हा सरकारदरबारी तिची जातच गुन्हा होती. तिचीच नातवंडं आज महाराष्ट्रात विदर्भाच्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहेत आणि उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. जातीच्या दाखल्यासाठी ज्यांनी चपला झिजवल्यात त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आपण सगळ्यांनी वाचलंय, पण टॅटू स्टुडिओत 'पारंपरिक भारतीय डिझाइन' पाहताना ते आठवत नाही.

सत्तेनंही गोंदलं आहे. ईस्ट इंडिया कंपनीनं 1797 च्या नियमानं बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदायला सुरुवात केली. ती प्रथा 1849 मध्ये बंद झाली. बंद झाली म्हणतो आपण. डिसेंबर 1993 मध्ये अमृतसरला सांसी समाजाच्या चार बायकांच्या कपाळावर पोलिसांनी 'जेबकतरी' असं गोंदलं. सांसीही त्याच 1871 च्या यादीतले. पोलिसांना शिक्षा झाली 2016 साली. तेवीस वर्षं त्या बायका कपाळ झाकून बाजारात गेल्या असतील.

याच्या उलट छत्तीसगडचे रामनामी. मंदिरात घेत नाहीत म्हणून त्या दलितांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंगभर रामनाम गोंदून घेतलं. माझा त्यांच्या देवाशी संबंध नाही, पण त्या युक्तिवादाला मी मान देते. आता तिथली तरुण मुलं पूर्ण अंग गोंदत नाहीत, कारण शहरात काम मिळत नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हातावर 'जय भीम' आहे. पंचविशीत करून घेतलं, निळ्या शाईत, ठळक. आजीला ते आवडलं नाही. मला वाटलं, जुन्या माणसांचं नेहमीचंच. ती म्हणाली, "बाबासायबाचं नाव काळजात ठेवावं. हात कोन बी बघतंय." तो चिडला. आपण लपायचं का अजून? त्याचं बरोबर आहे. पण बंगळुरूत भाड्याचं घर शोधताना तोच बेचाळीस अंश तापल्यासारख्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिरला, हेही मी पाहिलंय. आणि 2015 साली शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून वाद होऊन आपल्या एका पोराला ठार मारलं, ते आजीनं टीव्हीवर पाहिलंय. तिच्यावर खूण लादली गेली होती, त्यानं ती स्वतः निवडली. ती जुन्या विचारांची आहे म्हणून तिला ही निवड कळत नाही, असं नाही. खुणेची किंमत काय असते हे तिला त्याच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिचं ऐकून टॅटू काढून टाका असं मी म्हणणार नाही. ऐकून तर घ्या.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट, कारण हा स्तंभ वाचणारे कितीतरी जण भरतीची तयारी करतात. सैन्यात कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूलाच कायमचा टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना रूढीनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत तो डाव्या हातावर हवा, कारण उजव्यानं सॅल्यूट करतात, आणि त्या भागाच्या पाव हिश्श्याहून मोठा नको. सुई लागायच्या आधी जाहिरात वाचा. भावासारखं नंतर नको.

आता माझा वाटा.

आजीच्या डाव्या मनगटावर तिचं नाव आहे. लहानपणीचं गोंदण गावातलं. नाव मात्र लग्नानंतर गड्ड्याच्या जत्रेत मशीनवाल्यानं लिहिलं. मी तिसरीत होते. नव्यानं वाचायला शिकलेलं पोर दिसेल ते वाचतं, तसं मी ते वाचलं आणि ओरडले, "आजी, चुकलंय! 'न' च्या जागी 'ण' आहे." आजी शांतपणे म्हणाली, "लिवनाऱ्याला येत नव्हतं, मला बी येत नव्हतं. दोघं सारखीच." आमच्या घरात लिहिली गेलेली पहिली अक्षरं ती. वहीत नाही, पाटीवर नाही, आजीच्या कातडीवर, आणि चुकलेली.

बारा वर्षांपूर्वी माझं लग्न झालं तेव्हा फोटोवाल्यानं अल्बमचे नमुने पाठवले. ऑफिसातली माणसं बघणार होती. मी त्याला फोन करून सांगितलं, आजीच्या तोंडावरचे डाग काढा. 'डाग' हा शब्द मी वापरला. त्यानं कपाळ, हनुवटी, दोन्ही हात स्वच्छ करून दिले. मनगटावरचं नावही गेलं. आजीनं अल्बम पाहिला, पान उलटलं, परत मागे आली आणि आईला विचारलं, "ही कोन?" आई म्हणाली, "तुम्हीच की." आजी काही बोलली नाही. मूळ फोटो मिळतील का म्हणून मी नंतर दोनदा विचारलं. जुनी डिस्क बिघडली, असं उत्तर मिळालं.

रखवालदारानं केलं ते बारा वर्षांपूर्वी मी केलं होतं, फक्त माझ्याकडे पदवी होती. शिकलो की गावाकडच्या खुणा पुसायच्या, हे आपल्याला कॉलेजात कुणी शिकवत नाही, तरी आपण शिकतो. आधी बोली जाते, मग आडनाव आखूड होतं, मग आईला स्नेहसंमेलनाला आणायचं टाळतो. म्हातारी माणसं शेवटी राहतात, कारण त्यांच्या अंगावरचं पुसता येत नाही. मग त्यांना आतल्या खोलीत बसवतो.

बंगळुरूच्या मुक्कामात आजीचं आधार अद्ययावत करायला गेलो. बोटांचे ठसे लागेनात. खुरपं, विळा, खडी यांनी झिजलेली बोटं. डोळ्यांत मोतीबिंदू, तिथेही अडलं. यंत्रासमोरचा मुलगा वैतागला. आजीनं बाही वर करून मनगट त्याच्यापुढे धरलं, "हितं हाय की माझं नाव." त्याला मराठी येत नव्हतं. तो हसला, आणि चौथ्या प्रयत्नात एका बोटाचा ठसा लागला.

माझी भाची पहिल्या नोकरीसाठी इथे आली आहे. तिनं आजीच्या हाताचे फोटो काढले. ठिपके तसेच्या तसे गोंदवून घ्यायचेत म्हणते, नावासकट. आजीनं आधी किंमत विचारली, ऐकून कपाळाला हात लावला, आणि मग म्हणाली, "माझं नाव कशापायी? तुझं लिव. आन् लिवनाऱ्याला येतंय का बघ." भाचीनं अजून ठरवलेलं नाही. तिचा हात, ती ठरवेल.

आजी महिन्यानं परत गेली. मी इमारतीच्या समितीला पत्र लिहिलं की कामगारांसाठी वेगळ्या लिफ्टची पाटी काढा. उत्तर आलं की झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, रखवालदाराला समज देण्यात येईल आणि रहिवाशांच्या नातेवाइकांना यापुढे त्रास होणार नाही. मी परत लिहिलं आहे. आजी माझी नातेवाईक होती म्हणून माझी तक्रार नाही, रखवालदाराला समज देऊ नका, पाटी काढा. कचऱ्याचे डबे कुठल्याही लिफ्टनं जाऊ देत. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे.