'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा रिमेक रद्द. युबिसॉफ्टवर ही वेळ का आली?

फ्रेंच गेमिंग कंपनी युबिसॉफ्टने २१ जानेवारी २०२६ रोजी तयार होत असलेले सहा गेम रद्द केले आणि आणखी सात पुढे ढकलले. कॅनडातला हॅलिफॅक्स आणि स्वीडनमधला स्टॉकहोम इथले स्टुडिओ बंद होत असल्याचेही त्याच महिन्यात जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या शेअर बाजारात कंपनीचा शेअर एक तृतीयांशाहून जास्त कोसळला. २०१८ मध्ये शंभर युरोंच्या वर गेलेला हा शेअर पाच युरोंच्याही खाली आला.

रद्द झालेल्या सहांपैकी लोकांना ठाऊक असलेले मोठे नाव एकच होते, 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक. पुण्या-मुंबईतल्या गेमर्सना ही बातमी जरा जास्त लागली असणार, कारण या रिमेकचे काम सुरुवातीला युबिसॉफ्टच्या इथल्याच दोन स्टुडिओंकडे होते.

आधी व्यापार, मग गेम

फ्रान्सच्या ब्रिटनी भागातले गिमो कुटुंब शेतकऱ्यांना लागणारे साहित्य विकायचे. घरात पाच भाऊ. १९८० च्या दशकात त्यांच्या लक्षात आले, की कॉम्प्युटर आणि गेम फ्रान्सपेक्षा ब्रिटनमध्ये बरेच स्वस्त मिळतात. मग तिथून माल आणायचा आणि टपालाने फ्रान्सभर विकायचा, असा धंदा सुरू झाला. १९८६ मध्ये पाचही भावांनी मिळून युबिसॉफ्ट काढली. त्यांच्यातले इव्ह गिमो १९८८ पासून आजतागायत कंपनीचे प्रमुख आहेत.

१९९५ च्या 'रेमन'ने कंपनीला जगभर ओळख दिली आणि पुढच्याच वर्षी ती शेअर बाजारात आली. पण तिची खरी खासियत गेमपेक्षा काम वाटण्याच्या पद्धतीत होती. जिथे कुशल माणसे कमी खर्चात मिळतील किंवा सरकार हातभार लावेल, तिथे स्टुडिओ काढायचा. १९९२ मध्ये बुखारेस्ट, १९९६ मध्ये शांघाय, १९९७ मध्ये माँट्रियल. माँट्रियलमध्ये तर क्यूबेक सरकारने कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भार उचलला. त्याच स्टुडिओने २००३ मध्ये 'सँड्स ऑफ टाइम' केला. त्याचा पुढचा भाग करताना राजपुत्राच्या रक्षकालाच नायक करण्याची कल्पना निघाली, आणि त्यातून २००७ मध्ये 'असॅसिन्स क्रीड' ही वेगळीच मालिका जन्माला आली. कंपनीचे घर पुढे बरीच वर्षे याच मालिकेवर चालले.

२००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ युबिसॉफ्टने घेतला. गेमलॉफ्टही मुळात गिमो भावांचीच, म्हणजे व्यवहार तसा घरातल्या घरात. मुंबईचा स्टुडिओ २०१८ मधला.

घर वाचवण्याची लढाई

२०१५ मध्ये व्हँसाँ बोलोरे यांच्या विवेंडी समूहाने युबिसॉफ्टचे शेअर बाजारातून उचलायला सुरुवात केली. मालकाची संमती नसताना हिस्सा वाढवत नेत कंपनी ताब्यात घेण्याचा हा प्रकार. गिमो कुटुंबाकडे तेव्हा दहा टक्क्यांहूनही कमी शेअर होते. विवेंडीने २०१६ मध्ये गेमलॉफ्ट गिळली. आता पाळी युबिसॉफ्टची, असेच सगळ्यांना वाटत होते.

तसे झाले नाही. मार्च २०१८ मध्ये विवेंडीने आपला सुमारे २७ टक्के हिस्सा दोन अब्ज युरोंना विकून काढता पाय घेतला. तो विकत घेणाऱ्यांमध्ये चीनची टेन्सेंट होती. तिने पाच टक्के घेतले. त्या वेळी या विजयाचे भरपूर कौतुक झाले. त्याची किंमत मात्र पुढच्या काळात दिसत गेली. भागधारकांना आपल्या बाजूला ठेवायचे तर वाढ दाखवत राहणे भाग होते. वाढ म्हणजे आणखी माणसे, आणखी मोठे नकाशे आणि एकदा विकून न संपणारे, वर्षानुवर्षे पैसे देत राहणारे ऑनलाइन गेम. 'रेन्बो सिक्स सीज'ला हे जमले होते. बाकीच्यांनाही जमेल, हा हिशेब चुकला. कर्मचारी २० हजारांच्या वर गेले. २०१७ मध्ये जाहीर झालेला 'स्कल अँड बोन्स' बाजारात यायला २०२४ उजाडले आणि आल्यावरही तो फारसा चालला नाही. त्याच वर्षी 'स्टार वॉर्स आउटलॉज'ची विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. 'एक्सडिफायंट' मे २०२४ मध्ये आला आणि डिसेंबरमध्ये तो बंद करण्याची घोषणाही झाली. दुसरीकडे, २०२० मध्ये कंपनीतल्या लैंगिक छळाच्या तक्रारी बाहेर आल्या. त्यात तीन माजी अधिकाऱ्यांना फ्रेंच न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दोषी ठरवले.

पुण्याचे काय चुकले?

पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ तोवर प्रामुख्याने टेस्टिंग, एका यंत्रावरचा गेम दुसऱ्यावर चालेल असा करणे आणि इतर स्टुडिओंना मदत अशी कामे करत. सप्टेंबर २०२० मध्ये 'सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक जाहीर झाला, तेव्हा इतक्या मोठ्या नावाची धुरा पहिल्यांदाच त्यांच्याकडे आली होती. ट्रेलर आला आणि ग्राफिक्सवरून टीकेची झोड उठली. २१ जानेवारी २०२१ ची तारीख आधी मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवण्यात आले.

तेव्हा निघालेला निष्कर्ष सोपा होता: भारतीय स्टुडिओंना झेपले नाही. पण एक आकडा पाहण्यासारखा आहे. मोठे गेम तेव्हा ६० डॉलरना विकले जात आणि या रिमेकची किंमत ४० डॉलर ठरली होती. म्हणजे कंपनीच्या डोक्यात हा मुळातच मधल्या फळीतला, बेताच्या खर्चाचा गेम होता. प्रेक्षकांना मात्र पहिल्या फळीतला हवा होता. पुढे मूळ गेम घडवणाऱ्या माँट्रियललाही तो पावणेचार वर्षांत पूर्ण करता आला नाही. पहिल्या ठरलेल्या तारखेनंतर बरोबर पाच वर्षांनी, त्याच दिवशी, तो रद्द झाला. दोष एकट्या पुण्याचा असता, तर एवढे घडले नसते.

टेन्सेंटचा वाढता हात

२०२२ मध्ये टेन्सेंटने गिमो कुटुंबाच्या होल्डिंग कंपनीत ३० कोटी युरो घातले. मार्च २०२५ मध्ये त्याहून मोठी घोषणा झाली. 'असॅसिन्स क्रीड', 'फार क्राय' आणि 'रेन्बो सिक्स' या सगळ्यात कमावत्या मालिका काढून त्यांची वेगळी उपकंपनी करायची आणि तिचा सुमारे २५ टक्के हिस्सा टेन्सेंटला १.१६ अब्ज युरोंना द्यायचा. उपकंपनीचे मूल्य सुमारे चार अब्ज युरो धरले गेले. शेअर बाजारात अख्ख्या युबिसॉफ्टची किंमत तेव्हा त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. दागिने वेगळ्या डब्यात ठेवले की घराची किंमत किती उरते, हे यातून कळते.

व्हँटेज स्टुडिओज नावाच्या या उपकंपनीच्या दोन प्रमुखांपैकी एक आहेत चार्ली गिमो, इव्ह यांचे चिरंजीव. नाव घराण्याचेच राहिले आहे. करारानुसार पहिली दोन वर्षे युबिसॉफ्टला व्हँटेजमधले बहुमत सोडता येणार नाही. व्यवहार नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे ही मुदत २०२७ च्या नोव्हेंबरमध्ये संपेल.