मज्जातंतूंची वेदना आणि मक्तेदारांचा नफा

औषध उद्योगाचे वकील सांगतात की, नफ्याला हात लावला तर संशोधन थांबेल आणि रोगी वेदनेने तळमळत राहील. या युक्तिवादाची कसोटी पाहण्यास मज्जातंतूंच्या जुनाट वेदनेइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. मधुमेहाने पायांच्या मज्जातंतूंना इजा होते. नागिणीचे फोड सुकले तरी आग महिनोन्‌महिने शमत नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग नसतो. आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रोगी आहेत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. रोग्यांची ही संख्या भांडवलदाराच्या लेखी बाजारपेठ असते.

अमेरिकेत १९९३ च्या अखेरीस गॅबापेंटिन हे औषध ‘न्यूरॉन्टिन’ या नावाने अपस्मारावर, तेही केवळ पूरक औषध म्हणून मंजूर झाले. अपस्माराचे रोगी ते किती? तेव्हा वॉर्नर-लँबर्टच्या पार्क-डेव्हिस शाखेने वेदना, अर्धशिशी, मनोविकार अशा मंजुरी नसलेल्या कारणांसाठी ते खपवण्याचा सपाटा लावला. डॉक्टरांसाठी सहली, मेजवान्या आणि मानधने यांची खैरात झाली. कंपनीतच नोकरी केलेल्या डेव्हिड फ्रँकलिन या शास्त्रज्ञाने १९९६ साली दावा दाखल केला. नागिणीनंतरच्या वेदनेसाठी रीतसर मंजुरी मिळाली ती २००२ मध्ये. पुढे २००४ मध्ये वॉर्नर-लँबर्टने (तोवर ती फायझरने गिळंकृत केली होती) गुन्हा कबूल केला आणि प्रकरण ४३ कोटी डॉलरवर मिटले. आदल्या एकाच वर्षात या औषधाची विक्री २५० कोटी डॉलरहून अधिक झाली होती! असा दंड म्हणजे धंद्याच्या खर्चातली एक बाब.

विज्ञानाचे झालेले नुकसान मात्र कोणत्याही दंडाने भरून निघालेले नाही. खटल्यांत उघड झालेल्या कागदपत्रांवरून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मंजुरी नसलेल्या उपयोगांच्या ज्या १२ चाचण्यांचे अहवाल छापून आले होते, त्यांपैकी ८ मध्ये मुख्य निकष मूळ आराखड्याहून निराळा दाखवलेला आढळला. छापील अहवाल वाचून औषध लिहून देणाऱ्या प्रामाणिक डॉक्टरचीही अशी फसवणूक झाली.

म्हणून ही औषधे थोतांड आहेत, असे आपल्यापैकी काही जण म्हणतात. ते चूक आहे. नागिणीनंतरच्या आणि मधुमेही वेदनेत गॅबापेंटिनने दहापैकी तीन-चार जणांची वेदना निम्म्याने कमी होते. औषध नसलेल्या नुसत्या गोळीने एकदोघांची. गुण आहे, पण माफक. आणि गुंगी, चक्कर यांची किंमत मोजावी लागते.

आता अमिट्रिप्टिलीन पाहा. १९६१ पासून वापरात असलेले नैराश्यावरील हे औषध लहान मात्रेत मज्जातंतूंच्या वेदनेवर दिले जाते. पेटंट केव्हाच संपल्यामुळे त्याच्या मोठ्या चाचण्या करण्यात कोणत्याही कंपनीला रस नव्हता. अखेर ब्रिटनमध्ये सार्वजनिक पैशातून मधुमेही रोग्यांवर चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला: अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगॅबालिन यांपैकी कशानेही आरंभ केला तरी आराम सारखाच. वृद्धांना व हृदयविकाराच्या रोग्यांना अमिट्रिप्टिलीन जपूनच द्यावे लागते, हे खरे. परंतु जुने स्वस्त औषध नव्यांच्या तोडीचे आहे हे सिद्ध करायला साठ वर्षे लागली, ती नफ्याच्या शास्त्रामुळे!

आपल्याकडे प्रीगॅबालिनमध्ये मिथाइलकोबालामिन, म्हणजे ‘ब-१२’ जीवनसत्त्वाचे एक रूप, मिसळून असंख्य व्यापारी नावांनी विकतात. ज्याच्या शरीरात ब-१२ कमी आहे त्याला ते अवश्य द्यावे. सरसकट सर्वांच्या माथी मारण्याचे कारण वैद्यकीय नाही. हाथी समितीने १९७५ मध्येच व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली होती. सरकारने काय केले? औषधांच्या सार्वजनिक कारखान्यांची उपासमार केली आणि २०१६ च्या डिसेंबरात आयडीपीएल बंद करण्याचा निर्णय घेतला. डॉक्टरांना दिल्या जाणाऱ्या भेटींविरुद्ध २०२४ मध्ये संहिता आणली, पण तक्रारींचा निवाडा कंपन्यांच्याच संघटनांच्या समित्यांकडे सोपवला. चोरांच्या पंचायतीपुढे चोरीचा खटला!

औषध विक्री प्रतिनिधींची अखिल भारतीय संघटना या भेटींविरुद्ध शिक्षेची तरतूद असलेला कायदा मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहे. डॉक्टरच्या दारात उभे राहून हा व्यवहार रोज पाहणाऱ्या कामगारांचीच ती मागणी आहे. कामगार संघटनांनी ती आपल्या मागणीपत्रकात घ्यावी. तिच्या जोडीला जुन्या औषधांच्या सार्वजनिक खर्चाने चाचण्या आणि प्रत्येक सरकारी दवाखान्यात अमिट्रिप्टिलीनचा अखंड पुरवठा, या मागण्याही मांडाव्यात.