लोट्याचा धडा

‘डिझाइन’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येते ते चकचकीत वेष्टन, मोटारीचा नवा आकार किंवा दुकानाची सजावट. तयार वस्तूवर चढवायचा साज, एवढाच अर्थ या शब्दाला उरला आहे. वापरून झाल्यावर ती वस्तू कोणत्या मातीत वा कोणत्या पाण्यात जाणार, हा प्रश्न त्यात कोठेही नाही. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली, ती याच विस्मृतीमुळे. पळसाच्या पानांची पत्रावळ मात्र उकिरड्यावर पडून पुन्हा माती होत असे.

भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दाम्पत्याने १९५८ साली डिझाइनविषयक अहवाल सादर केला आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी त्यांनी विशेष गौरव केला तो साध्या लोट्याचा. त्यात पाणी किती मावावे, तो हाती कसा बसावा, कमरेवर कसा तोलला जावा, धार कशी पडावी, या प्रश्नांची उत्तरे कोणा एका कलावंताने नव्हे, तर अनेक पिढ्यांनी मिळून शोधली, हे त्या परदेशी पाहुण्यांनी ओळखले. आपल्या विद्यालयांनी ते अद्याप ओळखलेले नाही.

जे वस्तूचे, तेच पाण्याचे. धुळे जिल्ह्यात पांझरा आणि नाशिक जिल्ह्यात मोसम नदीवर फड पद्धती शतकानुशतके चालली. नदीवर बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालील जमिनीचे फड. एका फडात एकच पीक, आणि पाणी किती आहे हे पाहून यंदा कोणते फड भिजवायचे, याचा निर्णय गावाचा. पाटकरी तो अमलात आणी. येथे दगडी बांधकामाइतकीच समाजाच्या संयमाचीही रचना केलेली होती. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांत मांडलेल्या एकात्म मानवदर्शनाचा आशयही हाच आहे. निसर्गाचे दोहन करावे, शोषण नव्हे.

मात्र, जुने ते सारे सोने, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. धुराने माउलीचे डोळे आणि फुप्फुसे जाळणारी चूलही परंपरेतीलच होती. लोटा घडवणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दोष पाहिले आणि सुधारले. वारसा म्हणून जपायची आहे ती ही शोधक वृत्ती, केवळ वस्तू नव्हे.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचविले आहेत. सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे प्रत्यक्ष काम शिकावे, हा त्यामागील हेतू. हे दिवस सहल आणि छायाचित्रे यांत संपले, तर एक मोठी संधी हातची जाईल. मुलांनी गावचा बंधारा मोजावा, कुंभाराला माती कोठून येते हे विचारावे, शाळेतील कचऱ्याचा मार्ग शोधावा आणि एक तरी वस्तू दुरुस्त करावी. कुंभार त्या दिवशी पाहुणा म्हणून नव्हे, तर गुरुजी म्हणून वर्गात यावा आणि त्याला मानधनही गुरुजींना साजेसे मिळावे.

वस्तू घडविण्यापूर्वी तिचा शेवट विचारणारी पिढी शाळेत घडली, तरच उद्याच्या नद्या वाहत्या राहतील.