उधारवाल्याला सूट, रोखवाल्याला पुरा भाव

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी ज्याने पहिल्यांदा वाण्याच्या दुकानात टांगली, त्याला बाजाराचे मर्म चांगलेच उमगले होते असे म्हटले पाहिजे. रोखीने घेणारे गिऱ्हाईक दुकानदाराचे लाडके. त्याला चार पैसे कमी लावायचे, वर त्याच्या पोराच्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवायचे. उधारवाल्याचे नाव वहीत आणि भाव किंचित चढा. ही रीत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की तिच्यावर कोणी लेख लिहावा असे कधी कोणाला वाटले नसेल. पेट्रोल पंपावर मात्र ती नेमकी उलटी झाली आहे. तेथे रोख मोजणाऱ्याला पुरा भाव पडतो आणि उधारीवर नेणाऱ्याला सूट मिळते.

क्रेडिट कार्ड म्हणजे उधारीची वहीच. फक्त ती वाण्याऐवजी बँकेकडे असते. आपल्या देशात १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने ‘सेंट्रलकार्ड’ काढले तेव्हा ती साहेब लोकांची चैन होती. आता वाशीच्या मॉलमध्ये टेबल मांडून बसलेली मुले हाक मारमारून कार्ड देऊ करतात, आणि आमच्या कट्ट्यावरही ‘पेट्रोलसाठी कोणते कार्ड घ्यावे?’ हा प्रश्न परीक्षेच्या प्रश्नांपेक्षा अधिक पोटतिडकीने चर्चिला जातो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या हिशेबात का शिरावे, असे कोणी प्राध्यापक विचारतील. त्यांना माझे नम्र उत्तर असे, की पाऊस, मैत्री आणि ‘कॉलेजमधले पहिले पाऊल’ या विषयांवर आपल्या अंकात दरवर्षी पुरेसे लिहिले जाते.

शिवाय पेट्रोल हा सानपाड्याचा घरगुती विषय आहे. आपल्याला हार्बर मार्गावरचे स्थानक आहे, ठाण्याकडे जाणारी गाडीही येथूनच मिळते. पण स्थानकातून उतरल्यावर पुढे तुर्भ्याच्या बाजारात, औद्योगिक वसाहतीत किंवा पाम बीच मार्गापलीकडच्या सेक्टरांत जायचे तर दोन चाके लागतातच. सिडकोने १९७० पासून हे शहर आखले ते ऐसपैस रस्त्यांचे; पायी चालणाऱ्याचा विचार त्यात थोडा मागेच राहिला असावा. आणि खाडीपलीकडे माहुलला १९५० च्या दशकापासून दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने उभे आहेत. एक एस्सोचा होता, दुसरा बर्मा शेलचा. राष्ट्रीयीकरणानंतर तेच हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. म्हणजे पेट्रोल आपल्या दाराशीच तयार होते, पण म्हणून ते स्वस्त मिळते असे मुळीच नाही. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली. २०२२ च्या एप्रिलात ते १२० रुपयांच्या वर गेले. पुढे केंद्राने अबकारी कर उतरवला, राज्याने व्हॅट कमी केला. २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे व नवी मुंबई या पट्ट्यातला व्हॅट २६ वरून २५ टक्क्यांवर आला, तेव्हा मुंबईत भाव १०३ रुपये ४४ पैसे झाला. पुढच्या हिशेबासाठी मी तोच भाव धरतो.

आता कार्डाकडे वळू. पंपावर क्रेडिट कार्ड चालवले की साधारण १ टक्का अधिभार लागतो आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. याचे कारण असे, की पंपचालकाला लिटरमागे ठरावीक दलाली मिळते. इतर दुकानदार आपल्या नफ्यातून बँकेचा आकार भरतो, तेवढा वाव येथे नाही. २०१७ च्या जानेवारीत हा आकार पंपांवर टाकायचे बँकांनी ठरवताच पंपचालकांनी कार्डच घेणार नाही असे बजावले होते, आणि सरकारला मध्ये पडावे लागले होते. तेव्हा बँका काय करतात? अधिभार लावतात आणि मग तो माफ केल्याची जाहिरात करतात. साध्या कार्डांवर ही माफी बहुधा चारशे-पाचशे रुपयांच्या पुढच्या आणि चार-पाच हजारांच्या आतल्या खरेदीलाच असते. जीएसटी तर परत मिळतच नाही. शंभर-दोनशेचे पेट्रोल भरणारा माझ्यासारखा विद्यार्थी या माफीच्या दारातच अडतो.

म्हणून पेट्रोलसाठी खास कार्डे निघाली. तेल कंपनी आणि बँक मिळून ती काढतात. भारत पेट्रोलियम आणि एसबीआय कार्ड यांचे एक कार्ड घ्या. त्याच्या पत्रकावर ४.२५ टक्के परताव्याचा आकडा ठळक छापलेला असतो. त्याची फोड केली तर असे दिसते : शंभर रुपयांच्या पेट्रोलवर १३ गुण, आणि चार गुणांचा एक रुपया, म्हणजे ३.२५ टक्के. उरलेला एक टक्का म्हणजे अधिभाराची माफी. आधी आपल्याच खिशाला चिमटा काढायचा, मग तो सोडायचा, आणि सोडल्याचे श्रेय टक्केवारीत मोजायचे! हजार रुपयांच्या पेट्रोलवर साडेबत्तीस रुपयांचे गुण मिळतात, जीएसटीचा १ रुपया ८० पैसे जातो, हाती राहतात ३० रुपये ७० पैसे. म्हणजे खरा परतावा ३.०७ टक्के. वर्षाची फी ४९९ रुपये, करासह ५८९. वर्षात पन्नास हजारांचा खर्च झाला तर पुढच्या वर्षाची फी माफ.

ज्यांना टक्केवारी पाहून कार्ड निवडायची सवय आहे त्यांनी दुसरेही एक उदाहरण ध्यानात घ्यावे. इंडियन ऑइल आणि एचडीएफसी बँकेचे कार्ड पाच टक्क्यांचे म्हणून ओळखले जाते. पण त्यावर पेट्रोलच्या गुणांना महिन्याची मर्यादा आहे : पहिले सहा महिने अडीचशे, नंतर दीडशे. दीडशे गुण म्हणजे तीन हजारांच्या पेट्रोलवरचा परतावा. त्यापुढच्या पेट्रोलला काही नाही. महिन्याला ५,२०० रुपयांचे पेट्रोल जाळणाऱ्याला सव्वातीन टक्क्यांच्या कार्डावर १६९ रुपयांचे गुण मिळतील आणि पाच टक्क्यांच्या कार्डावर सहा महिन्यांनंतर फार तर दीडशे. आकडा मोठा तो परतावा मोठा, असे समीकरण येथे चालत नाही. अर्थात या अटी बदलत असतात. कोणीही माझ्या लेखावर विसंबून अर्ज भरू नये, त्या दिवशीचे पत्रक पाहावे.

माझे मत विचाराल तर निवडीची पहिली कसोटी टक्केवारी नव्हेच, पंप ही आहे. हे कार्ड एकाच कंपनीच्या पंपावर फळते. तुमच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर, आणि वाटेच्या योग्य बाजूला, त्या कंपनीचा पंप आहे काय? सायन-पनवेल महामार्गाचा दुभाजक ज्याने पाहिला आहे त्याला ‘योग्य बाजूला’ म्हणजे काय हे सांगायला नको. तीस रुपये वाचवण्यासाठी पुलाखालून वळसा घालून वीस रुपयांचे पेट्रोल जाळणारे महाभाग मी पाहिले आहेत. दुसरी कसोटी महिन्याचा खर्च. तिसरी, आणि खरे तर सर्वांत मोठी, म्हणजे बिल पूर्ण फेडण्याची ताकद. तिच्याकडे पुढे येतो.

या कार्डाचा लाभ कोणाला होतो ते पाहण्यासाठी तीन गिऱ्हाइके धरू. पहिले, सानपाड्याहून रोज एकट्याने मोटार चालवत मुंबईला जाणारे गृहस्थ. महिन्याला दहा हजारांचे पेट्रोल. वर सांगितलेल्या कार्डावर महिन्याला १,३०० गुणांची मर्यादा आहे, ती ते बरोबर गाठतात. वर्षाला निव्वळ ३,६८४ रुपये सुटतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीच्या नाक्यावर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तो लाभही त्यांचाच. दुसरा, माझ्यासारखा विद्यार्थी, महिन्याला सहाशेचे पेट्रोल. वर्षाचा परतावा २२१ रुपये, फी ५८९. पहिल्या वर्षी स्वागताचे दोन हजार गुण म्हणून मिळणारे पाचशे रुपये बाजूला ठेवले तर दरसाल ३६८ रुपयांचा तोटा. त्याने या भानगडीत पडूच नये.

तिसऱ्या गिऱ्हाइकासाठी मी हा लेख लिहीत आहे. आपल्या वर्गात सकाळच्या तासांना मागच्या बाकावर डुलक्या घेणारी काही मुले आहेत. प्राध्यापकांना ती आळशी वाटतात. ती रात्री बारापर्यंत मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवण आणि किराणा पोहोचवत असतात. दिवसाला दोन लिटर पेट्रोल, म्हणजे दोनशे रुपयांच्या वर. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर सुमारे ५,२०० रुपये. वर्षाला ६२,४०० रुपये होतात, फी आपोआप माफ होते आणि परतावा भरतो १,९१५ रुपये. ही रक्कम साडेअठरा लिटर पेट्रोलची झाली. नऊ दिवसांच्या कामाचे पेट्रोल फुकट! ज्याच्या कमाईतला मोठा वाटा टाकीत जातो त्याला या कार्डाचे मोल सर्वांत अधिक. आणि नेमके त्यालाच ते मिळत नाही. बँक पगाराची चिठ्ठी मागते. त्याला पगार नाही. खेपेगणिक मिळणारे पैसे आहेत, तेही महिन्यागणिक वेगळे. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मित्राचा अर्ज एका बँकेने दोन ओळींत परत पाठवला. त्याच पंपावर, त्याच नळीतून, त्याच भावाने दोघांच्या टाक्या भरतात. मोटारवाल्याला लिटर शंभराच्या आसपास पडते आणि मोबाइलवरून किंवा रोखीने पैसे देणाऱ्या या मुलाला १०३ रुपये ४४ पैसे.

१९७३ साली पेट्रोल महागले तेव्हा अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेवर गेले होते. त्यांच्या नावाचा सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी आपल्या खाडीवर खुला झाला. त्यावर बैलगाडीला मनाई आहे आणि मोटारसायकललाही. हे जाता जाता आठवले.

यावर कोणी म्हणेल, बँक काही धर्मादाय संस्था नव्हे. ती उधार देते, जोखीम घेते, मग फेडू शकणाऱ्यालाच देणार. हे मला मान्य आहे. उलट, मी तर म्हणेन की कार्ड सरसकट हाती पडले असते तर या मुलांचे अधिकच नुकसान झाले असते. क्रेडिट कार्डाचे बिल पूर्ण फेडले नाही तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या वर व्याज चढते, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. ‘किमान रक्कम भरा’ हे बिलावरचे शब्द दिसायला दयाळू आहेत, पण तेवढीच रक्कम भरली की व्याजमुक्त मुदत संपते आणि नव्या पेट्रोलवरही भरल्या दिवसापासून व्याज सुरू होते. पावसाळ्यात पाय मुरगळून पंधरा दिवस घरी बसलेल्या मुलाचे एक बिल चुकले, तर पाच-सातशेचे विलंबशुल्क आणि वरचे व्याज मिळून चार महिन्यांचा परतावा एका फटक्यात जातो. तेव्हा जोखमीचा मुद्दा खराच आहे. पण मग सूट जोखमीला का बांधली, हा माझा प्रश्न आहे.

पेट्रोल विकणाऱ्या तिन्ही मोठ्या कंपन्या सार्वजनिक क्षेत्रातल्या आहेत. आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला सूट द्यायची त्यांची इच्छा असेल तर ती लिटरवर द्यावी. जो जास्त जाळतो आणि त्याच पंपावर येतो त्याला द्यावी. मध्ये बँकेची उधारी कशाला? हे अशक्य नाही. डिसेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीनंतर, रोखीवाचून पेट्रोल घेणाऱ्या सर्वांना ०.७५ टक्के सूट सुरू झाली होती. डेबिट कार्ड असो, मोबाइलचे पाकीट असो, पगाराची चिठ्ठी कोणी मागितली नाही. क्रेडिट कार्डांवरची ही सूट १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली. आजही तेल कंपन्यांच्या गुणयोजना नुसत्या मोबाइल क्रमांकावर चालतात. त्यांतला परतावा कार्डाच्या मानाने किरकोळ आहे, तो वाढवायला कोणत्याही बँकेची परवानगी लागत नाही. तोवर पंपावर क्रमांक सांगायला कंटाळू नये, एवढेच मी वर्गमित्रांना सांगेन. मोबाइलवरून थेट बँकखात्यातून पैसे दिले तर अधिभारही लागत नाही.

एक वाट आणखी आहे. काही बँका मुदतठेवीवर कार्ड देतात. वय अठरा पूर्ण हवे. वीस-पंचवीस हजारांची ठेव ठेवली की तिच्या काही हिश्श्याइतकी उधारी मिळते. पगाराची चिठ्ठी लागत नाही, ठेवीवर व्याज चालूच राहते, आणि बिल बुडाले तर बँक ठेवीतून वसूल करते. यात पेट्रोलचे खास कार्ड मिळेलच असे नाही, बहुधा साधे मिळते. पण वर्षभर वेळेवर बिल फेडल्याची नोंद झाली म्हणजे पुढचा अर्ज दोन ओळींत परत येण्याची शक्यता कमी होते. माझ्या त्या मित्राने दिवाळीच्या दिवसांत रात्रीच्या जास्तीच्या खेपांतून अठरा हजार जमवले आहेत. एवढ्याची ठेव करावी, की मोटारसायकलचे मागचे टायर आणि साखळी आधी बदलावी, हे त्याचे अजून ठरलेले नाही.