रूपसीची धावपट्टी आणि ‘देणगी’चा हिशेब

८ मे २०२१ रोजी आसामच्या कोक्राझार जिल्ह्यात, रूपसी येथे, ‘उडान’ योजनेखालील प्रवासी विमान उतरले. वर्तमानपत्रातली ती बातमी वाचून अनेकांना हा विमानतळ नवा वाटला असेल. वस्तुतः ती जागा दुसऱ्या महायुद्धाची. पूर्वी काही वर्षे तेथून नागरी उड्डाणेही होत, ती १९८०च्या दशकात थांबली.

ईशान्य भारताचा नकाशा पुढ्यात घ्या. दिब्रुगडचा मोहनबारी, जोरहाटचा रौरिया, इंफाळचा तुलिहाल, सिलचरचा कुंभीरग्राम, आगरतळ्याचा सिंगारबिल : आज जेथे प्रवासी उतरतात, त्या साऱ्या जागा युद्धाच्या धामधुमीत तयार झाल्या. यावरून एक वाक्य नेहमी ऐकू येते, आणि या धाग्याचे प्रयोजन तेच आहे : “काही झाले तरी विमानतळ इंग्रज-अमेरिकनांनीच दिले.” हे वाक्य मला मान्य नाही.

प्रथम ते कशासाठी बांधले, ते पाहू. एप्रिल १९४२च्या अखेरीस जपान्यांनी ब्रह्मदेशातील लाशिओ घेतले आणि चीनकडे जाणारा खुष्कीचा मार्ग तुटला. चिनी सैन्याला रसद पोहोचवण्यासाठी उरले ते आकाश. आसामातून उडायचे, पाटकाई आणि त्यापलीकडील पर्वतरांगा ओलांडायच्या आणि कुनमिंगला उतरायचे. वैमानिकांनी या वाटेला ‘हंप’, म्हणजे उंटाचे मदार, असे नाव दिले. युद्ध संपेपर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल या वाटेने गेला आणि सुमारे सहाशे विमाने नष्ट झाली. आसामच्या माणसाला कोठे जायचे आहे, हा प्रश्न या आखणीत कोणी विचारलाच नव्हता.

या धावपट्ट्यांना सर्रास ‘जंगलातल्या’ म्हटले जाते. युद्धकथांना ते शोभतेही. परंतु चबुआची धावपट्टी चहाच्या मळ्याच्या जमिनीवर झाली. ‘जंगल’ म्हटले की तेथे आधी कोणी राहत-कसत नव्हते असा समज होतो आणि जमीन कोणाची गेली, हा प्रश्नच उरत नाही.

मजूर कोण होते? चहामळ्यांच्या मालकांच्या संघटनेने सरकारच्या मागणीवरून मळ्यांतील कामगार रस्त्यांच्या आणि विमानतळांच्या कामावर धाडले. यांतील बहुतेकांच्या आज्या-पणज्यांना छोटा नागपूर, ओडिशा या भागांतून मळ्यांवर आणले गेले होते. यंत्रे अपुरी होती. त्या काळच्या छायाचित्रांत हातोड्याने खडी फोडणारी आणि डोक्यावरच्या पाट्यांतून ती वाहणारी माणसे दिसतात. त्यांत स्त्रिया पुष्कळ आहेत. एकीचेही नाव छायाचित्राखाली नाही.

आणि खर्च? अमेरिकेने मित्रराष्ट्रांना उधार-उसनवारीच्या कराराने साहित्य पुरवले, त्याची उलट फेड म्हणून भारत सरकारने अमेरिकी सैन्यासाठी विमानतळ बांधून दिले. म्हणजे भार भारताच्या तिजोरीवर पडला, आणि तोही बंगालमध्ये माणसे उपासमारीने मरत होती त्याच काळात. आगरतळ्याचा विमानतळ तर त्रिपुराचे महाराज बीरविक्रम किशोर माणिक्य यांनी दिलेल्या जमिनीवर १९४२मध्ये उभा राहिला. देणारे कोण आणि घेणारे कोण, हे येथे उघड आहे.

धावपट्टीचे मोल मात्र नाकारता येत नाही. मार्च १९४४मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण इतर तुकड्यांसह जपान्यांच्या वेढ्यात लढत होती. तेथे विमान उतरण्याची सोय नव्हती. छत्रीने टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्या हाती पडली आणि अखेर ठाणे सोडावे लागले. पुढे इंफाळही वेढले गेले. पण तेथे धावपट्ट्या होत्या, त्यामुळे विमाने धान्य-दारूगोळा घेऊन उतरत, परत जाताना जखमींना नेत, आणि शहर टिकले.

युद्धानंतर जे घडले, ते कोणाच्याच योजनेत नव्हते. फाळणीने आसामचा लोहमार्ग पूर्व पाकिस्तानात अडकला. नवा मार्ग जानेवारी १९५०मध्ये सुरू होईपर्यंत विमानांचा मोठा आधार होता. त्रिपुराची अवस्था आणखी बिकट झाली. कोलकाता हवेतून साडेतीनशे किलोमीटरच्या आत, पण भारताच्या हद्दीतून जायचे तर सिलिगुडीचा वळसा घालून दीड हजाराहून अधिक. आगरतळ्याला रेल्वे पोहोचली ती २००८मध्ये. मधली साठ वर्षे सिंगारबिलची धावपट्टी त्या राज्याचा श्वास होती. विमानेही युद्धातलीच. १९५३मध्ये आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली, तेव्हा तिच्या ९९ विमानांपैकी ७४ डकोटा होती.

युद्ध नसते तर या धावपट्ट्या इतक्या लवकर झाल्या नसत्या, हा आक्षेप खरा आहे. पण देणगीला देण्याचा हेतू लागतो. येथे सैन्य निघून गेले आणि वस्तू मागे राहिली, एवढेच. धावपट्टीवर अंथरायचे भोकांचे पोलादी पत्रेही असेच मागे राहिले. प्रत्येक पत्रा दहा फूट लांब, तीस किलो वजनाचा. ईशान्येतील गावांत आजही त्यांची कुंपणे दिसतात. कोणी त्यांना देणगी म्हणत नाही.

सिंगारबिलला २०१८मध्ये महाराजांचे नाव मिळाले, ते योग्यच झाले. मोहनबारीच्या आगमन कक्षातही एक फलक असावा. जमीन कोणाची होती आणि खडी कोणी फोडली, हे त्यावर असमियात लिहावे, आणि मळ्यांतल्या माणसांच्या सादरीतही.