पटाच्या पलीकडची हंपी

28 जुलै 2025. नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली आणि आईला मिठी मारून रडली. ते रील तुम्ही पाहिलंच असेल, स्टेटसलाही ठेवलं असेल. ठेवायलाच हवं! पण पटाच्या पलीकडे कोण बसलं होतं, आठवतंय?

कोनेरू हंपी. दिव्या 19 वर्षांची, हंपी 38 वर्षांची. तरीही पहिले तीन डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो थेट चौथ्या डावात.

आंध्र प्रदेशातली ही मुलगी 2002 मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षात ग्रँडमास्टर झाली. तोवर एवढ्या लहान वयात हा किताब कुठल्याच मुलीला मिळाला नव्हता. तिने ज्युडिट पोल्गारचा विक्रम मोडला. 2600 रेटिंग ओलांडणारी पोल्गारनंतरची ती दुसरी महिला. मग लग्न झालं, 2017 मध्ये मुलगी झाली आणि जवळपास दोन वर्षं खेळ बंद.

बुद्धिबळात दोन वर्षं म्हणजे काय, ते खेळणाऱ्यांना विचारा. ओपनिंगची तयारी शिळी होते, प्रतिस्पर्धी पुढे निघून जातात. पट कुणाला सवलत देत नाही. हंपी 2018 च्या ऑलिम्पियाडमध्ये परतली, तेही बाटुमीतच. पुढच्याच वर्षी मॉस्कोत ती जागतिक रॅपिड विजेती झाली. 2024 मध्ये न्यूयॉर्कला पहिलाच डाव हरली आणि तरीही तेच विजेतेपद दुसऱ्यांदा घेऊन आली.

आता आपल्याकडे या. शेवटच्या वर्षाच्या मुलीला एमपीएससी, पीएचडी, नोकरी काहीही म्हणू द्या, घरातलं कुणीतरी विचारतंच, ‘आणि लग्नानंतर?’ हा प्रश्न मुलाला कुणी विचारतं का? पुढे तिने खरंच ब्रेक घेतला, तर मुलाखतीत त्या ‘गॅप’चा जाब द्यायचा, तोही तिनेच.

हंपीची गोष्ट सांगून ‘बघा, जिद्द असली की सगळं जमतं’ असं म्हणणं सोपं आहे. मला ते अर्धवट वाटतं. ती स्पर्धेला जाते तेव्हा मुलीला सांभाळायला नवरा आणि आईवडील असतात, हे तिने स्वतःच सांगितलंय. जिद्द तिची, पण घराने हात दिला म्हणून ती पटापर्यंत पोहोचली. असा हात न मिळाल्यामुळे थांबलेल्या किती जणी असतील? त्यांची नावं कुठल्याच रँकिंगमध्ये दिसणार नाहीत.

म्हणून मैत्रिणींनो, ब्रेक घ्यावा लागला तर ‘आपलं संपलं’ असं समजू नका. आणि मित्रांनो, दिव्याचं रील शेअर केलंत, छानच केलंत. उद्या तुमच्या घरातली बाई परत कामाला निघेल, तेव्हा बाळाला कोण बघणार, याचं उत्तर तयार ठेवा. ते ‘आई बघेल’ एवढंच नको.